इमारतीच्या सांगाड्यालाही सातबारा हवा

मुंबईत इमारतीला तीस वर्षे झाली की तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार बंधनकारक आहे. ऑडिटर येतो, खांबांवर काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर मारतो, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून पाहतो, चार ठिकाणी प्लास्टर फोडून सळई किती गंजली ते बघतो, काँक्रीटचे काही नळकांडी तुकडे, म्हणजे कोअर, काढून प्रयोगशाळेत पाठवतो. मग अहवाल येतो आणि इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ यांपैकी एका खान्यात जाऊन बसते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा. पुनर्विकासाची घाई झालेल्या मालकाच्या ऑडिटरला इमारत सी-१ मध्ये दिसते. भाडेकरूंनी आणलेल्या ऑडिटरला तेच खांब सी-२बी मध्ये दिसतात, म्हणजे दुरुस्ती करून राहता येईल असे. दोन अहवालांचे भांडण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते, तिथून कधी कधी हायकोर्टात.

यात लबाडी असतेच, पण नेहमी असते असे मी म्हणणार नाही. दोन प्रामाणिक इंजिनिअरही वेगवेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात, कारण दोघेही अंदाजच बांधत असतात. त्या खांबात मुळात किती आणि कोणत्या जाडीच्या सळया घातल्या होत्या, रिंगा किती अंतरावर बांधल्या, पाया किती खोल गेला, चौथ्या मजल्यावरचा बीम ड्रॉइंगप्रमाणे झाला की ऐन वेळी बदलला, हे सांगणारा कागदच कोणाकडे नसतो. आर्किटेक्ट वारलेला असतो, आरसीसी कन्सल्टंटचे ऑफिस बंद झालेले असते, बिल्डरच्या कंपनीचे नाव तिसऱ्यांदा बदललेले असते. सोसायटीच्या कपाटात सापडलीच तर मंजूर नकाशाची फिकट झालेली ब्लू प्रिंट सापडते. तिच्यात खोल्यांची मापे असतात, मोकळ्या जागा असतात, संडासाच्या खिडकीचाही आकार असतो; सांगाड्यातली एक सळईसुद्धा नसते.

दोन गुंठे कोरडवाहू जमिनीचाही आपल्याकडे सातबारा असतो. जमीन कोणाची, बोजा कोणाचा, पीक कोणते, सगळे त्यावर उतरते. मात्र ज्या खांब-बीमच्या चौकटीवर शंभर कुटुंबांचे आयुष्यभराचे कर्ज उभे आहे, तिची नोंद ठेवण्याची सक्ती कोणावर नाही. महापालिका एफएसआय इंच-इंच मोजते. सांगाड्यासाठी बहुतेक इमारतींना परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला पुरतो. अतिउंच इमारतींची छाननी वेगळी होते हे खरे, पण त्या छाननीची फाइलही रहिवाशाच्या हाती येत नाही.

हे आताच लिहिण्याचे कारण असे, की ही नोंद तयार करणे आज पहिल्यांदाच स्वस्त झाले आहे. शिवाय ती तयार होतेही आहे, फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मोठ्या प्रकल्पांत आता आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि पाणी-वीज-एसीवाले एमईपी कन्सल्टंट आपापली वेगळी ड्रॉइंग न काढता एकाच सामायिक डिजिटल मॉडेलवर काम करतात. बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, या नावाने ते ओळखले जाते. त्यातला खांब म्हणजे नुसत्या चार रेघा नसतात. त्याचे माप, काँक्रीटची ग्रेड, सळया, तो कोणत्या दिवशी भरायचा, त्याला किती खर्च येईल, हे सगळे त्याला चिकटलेले असते. बीममधून ड्रेनेजचा पाइप आरपार जाताना दिसला की सॉफ्टवेअर तिथेच लाल खूण करते. नागपूर मेट्रोने लांबी-रुंदी-उंचीबरोबर वेळ आणि पैसा जोडलेले ‘फाइव्ह-डी’ मॉडेल वापरले, त्याचा गाजावाजाही बराच झाला. सिंगापूरने गेल्या दशकात ठरावीक क्षेत्रफळापुढच्या इमारतींच्या परवानग्यांसाठी अशी मॉडेल मागायला सुरुवात केली. ब्रिटन सरकारने २०११ मध्ये घोषणा करून एप्रिल २०१६ पासून केंद्रीय सरकारी बांधकामांना ती सक्तीची केली.

आपल्याकडेही सक्ती करा अशी मागणी अधूनमधून होते. मागणीला माझा पाठिंबा आहे, तिच्यामागच्या कारणांना मात्र अर्धाच. परिसंवादांतून जे ऐकू येते ते सारे बांधणाऱ्याच्या फायद्याचे असते: क्लॅश, म्हणजे पाइप-बीमच्या टकरी, कमी होतील, माल वाया जाणार नाही, काम वेळेत संपेल. हे खोटे नाही. पण हा फायदा प्रकल्प संपला की संपतो, आणि इमारतीचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते.

सामायिक मॉडेल आपल्याकडे इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने का रुजते आहे, याचे उत्तर मला सॉफ्टवेअरच्या किमतीपेक्षा बांधकामाच्या मालात दिसते. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, जिथे १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने पहिल्यांदा पाहिली, ती ओतीव लोखंडाच्या चौकटीची इमारत आहे. १८६० च्या दशकात तिचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. अशा कामात ‘जागेवर बघू’ म्हणायला जागाच नसते. बोल्टचे भोक कुठे हवे ते समुद्रापलीकडे, महिनोन्‌महिने आधी ठरवावे लागते. चुकले तर तुळई परत पाठवून पुन्हा मागवावी लागेल. आजही स्टीलच्या सांगाड्याचे तसेच आहे. कारखान्यात प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र ड्रॉइंग बनते, त्याला नंबर पडतो, आणि क्रेनने वर गेलेला तुकडा मिलीमीटरच्या हिशेबात बसावा लागतो. म्हणून स्टीलवाले सामायिक मॉडेलकडे सहज वळले. त्यांना ते न करून भागतच नव्हते.

आरसीसी फार क्षमाशील आहे. शटरिंग तिथेच ठोकायचे, सळई तिथेच वाकवायची, काँक्रीट तिथेच ओतायचे. त्यामुळे निर्णयसुद्धा तिथेच घेता येतो. प्लंबर ऐन वेळी आला की स्लॅबमधून पाइपसाठीची नळी, म्हणजे स्लीव्ह, घुसवता येते, विसरला तर नंतर कोअर कटिंग मारता येते. बीम दारावर उतरला तर दार चार इंच सरकवता येते. सुपरवायझर फोनवर कन्सल्टंटला विचारतो, कन्सल्टंट गाडी चालवता चालवता ‘घाला दोन सळया जास्त’ म्हणतो, आणि तो बदल कुठेही न लिहिता कायमचा काँक्रीटच्या पोटात जातो. आपली बांधकामाची सगळी संस्कृती या क्षमाशीलतेवर पोसली आहे. तिच्यात कौशल्य आहे, हे मी नाकारत नाही. सळई वाकवणारा चांगला बारबेंडर ड्रॉइंगमधली चूक इंजिनिअरच्या आधी पकडतो. पण असे झालेले प्रत्येक काम नोंदीवाचून राहते.

हे हळूहळू बदलते आहे, आणि बदलायला भाग पाडणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, भूकंपाची संहिता. किल्लारी आणि भूज यांनंतर नियम कडक होत गेले. पूर्वी नऊ इंची भिंतीत, म्हणजे २३० मिलिमीटरमध्ये, खांब अलगद लपवायची सर्रास पद्धत होती. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीने भूकंपरोधक चौकटीतल्या खांबाची किमान बाजू ३०० मिलिमीटर केली. इकडे भिंती तर पातळ होत चालल्या आहेत, त्यामुळे खांब बेडरूममध्ये डोकावतो. कपाटाचा कोनाडा जातो, ब्रोशरमधला पलंग बसत नाही. आर्किटेक्ट म्हणतो खांब फिरवा, आरसीसीवाला म्हणतो फिरवला तर खाली पार्किंगच्या वाटेत येईल. हे भांडण एका मॉडेलसमोर बसून झाले तर दुपारभरात मिटते. ईमेलवर झाले तर महिना खाते, आणि बहुतेक वेळा शेवटी सांगाड्याच्या वाट्याला तडजोड येते.

दुसरी गोष्ट मायवान. अॅल्युमिनियमच्या या शटरिंगमध्ये भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात, आठ-दहा दिवसांत मजला उभा राहतो. विजेचे पाइप, स्विचचे डबे, प्लंबिंगच्या स्लीव्ह, खिडक्यांची तोंडे, सारे काही काँक्रीट ओतायच्या आधी जागच्या जागी असावे लागते. पहिल्या मजल्यावर डबा चुकला तर साचा तोच असल्यामुळे तो पस्तीस मजले चुकतो. इथे काँक्रीट स्टीलसारखे वागू लागते, आणि सामायिक मॉडेल ही बिल्डरची गरज बनते. महानगरांतल्या नव्या टॉवरांत मायवानची पद्धत झपाट्याने शिरली आहे, तेव्हा मॉडेल ‘आपल्याकडे शक्य नाही’ हा सूर आता सोडायला हवा. पुण्यात तर परदेशातल्या इमारतींची अशी मॉडेल बनवून देणारी ऑफिसे कितीतरी आहेत. लंडनच्या कुठल्या हॉस्पिटलच्या छतातून कोणता पाइप जातो हे बाणेरमधल्या एखाद्या मुलाला तोंडपाठ असते, आणि तो ज्या फ्लॅटमध्ये राहतो त्याची कोणती भिंत वजन पेलते हे त्याला सांगणारे कोणी नसते.

हा शेवटचा प्रश्न पुस्तकी नाही. मायवानच्या इमारतीत आतल्या अनेक भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि भार वाहणाऱ्या असतात. जुन्या सवयीने फ्लॅटमालक इंटिरिअरवाल्याला सांगतो, किचनची भिंत पाडून हॉलला जोडा. विटांची भिंत होती तोवर बहुधा निभावून जायचे. इथे आपण सांगाड्याचा एक पाय कापतो आहोत याचा त्याला पत्ताच नसतो. ताणलेल्या तारांच्या, म्हणजे पोस्ट-टेन्शन केलेल्या स्लॅबमध्ये ड्रिल कुठे मारायचे नाही हेही असेच. घाटकोपरची साईदर्शन इमारत जुलै २०१७ मध्ये कोसळली, १७ माणसे गेली; तळमजल्यावरच्या फेरबदलांत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन पडली, १६ जण गेले, आणि ती इमारत तर धड दहा वर्षांचीही नव्हती. या दोन घटनांची कारणे वेगळी आहेत आणि दोन्हींत डिजिटल मॉडेल असते तर माणसे वाचली असती असा दावा मी करणार नाही. निकृष्ट काम मॉडेलने सुधारत नाही. मुद्दा वेगळा आहे: आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे हे विचारण्याचा मार्गच रहिवाशांकडे नव्हता, आणि आजही नाही.

मग जे मॉडेल तयार होते त्याचे पुढे काय होते? ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाले की ते मरते. कन्सल्टंटच्या सर्व्हरवर पडून राहते, सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की उघडेनासे होते. जिवंत असतानाही त्याला कायद्यात स्थान नसते. मॉडेल पाठवताना प्रत्येक जण कोपऱ्यात एक ओळ घालतो, ‘केवळ संदर्भासाठी’. करार सही केलेल्या कागदी ड्रॉइंगचाच असतो. म्हणजे सगळे मॉडेल बघून काम करतात, आणि जबाबदारीचा प्रश्न आला की सगळे कागदाकडे बोट दाखवतात. ही ओळ भीतीपोटी येते, आणि भीती अगदीच निराधार नाही. एकाच फाइलमध्ये पाच जणांनी हात घातल्यावर चूक कोणाची?

याचे उत्तर १९८१ च्या एका अपघातात आहे, मॉडेल-बिडेल नव्हते तेव्हाच्या. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल १७ जुलैच्या संध्याकाळी गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळई होती. काम सोपे व्हावे म्हणून तिच्या दोन केल्या गेल्या: वरची सळई वरच्या पुलाला धरून, आणि खालची त्या वरच्या पुलालाच लोंबकळलेली. दिसायला फरक नगण्य. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईवरच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. बदल झालेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्का होता. हिशेब मात्र कोणीच पुन्हा केला नव्हता. स्टील बनवणारा म्हणाला फोनवर मंजुरी मिळाली, इंजिनिअर म्हणाले असे काही झालेच नाही. शेवटी परवाने गेले ते इंजिनिअरांचे, कारण शिक्का त्यांचा होता.

सामायिक मॉडेलमध्ये तो बदल सगळ्यांना दिसला असता. दिसणे म्हणजे तपासणे नव्हे, हे मान्य. तरी कोणी कधी बदलले, कोणी मंजूर केले, याची खूण मॉडेलमध्ये आपोआप राहते, आणि फोनवरच्या मंजुरीला ती हद्दपार करू शकते. ‘केवळ संदर्भासाठी’ ही ओळ काढून त्या जागी प्रत्येक भागाच्या जबाबदार माणसाचे नाव घालणे, ही माझ्या मते सक्तीची पहिली अट असायला हवी. त्याशिवाय काढलेला सरकारी आदेश म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड वाढवण्याची सोय. आणि नाव घालायचे तर त्या माणसाला तसे पैसेही द्यावे लागतील. चौरस फुटाला मोजक्या रुपयांवर घासाघीस करून आरसीसी कन्सल्टंट नेमायचा आणि त्याच्याकडून वर्षानुवर्षांच्या जबाबदारीची अपेक्षा करायची, हे चालणार नाही.

ब्रिटनची पुढची गोष्ट इथे बोलकी आहे. २०१६ ची सक्ती त्यांनी केली ती खर्च वाचवण्यासाठी. पुढच्याच वर्षी, १४ जून २०१७ ला, लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसे मेली. ती जुनी इमारत होती, आग बाहेरून चढवलेल्या आच्छादनातून पसरली, सांगाड्याचा दोष नव्हता. पण चौकशीत एक गोष्ट ठळक झाली: इमारतीत काय बसवले आहे, कोणी ठरवले, कोणी तपासले, याची एकसलग नोंद कुठेच नव्हती. सरकारने नेमलेल्या ज्युडिथ हॅकिट यांच्या अहवालाने अशा नोंदीला ‘सोनेरी धागा’ म्हटले, आणि २०२२ च्या कायद्याने तिथल्या उंच निवासी इमारतींना तो डिजिटल स्वरूपात जपणे बंधनकारक केले. म्हणजे बांधणाऱ्याच्या फायद्याची सक्ती आधी आली आणि राहणाऱ्याच्या हक्काची नंतर, इतके बळी गेल्यावर. आपण सुरुवातच दुसऱ्या टोकापासून का करू नये?

त्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. रेराच्या कलम १७ प्रमाणे ओसी मिळाल्यापासून तीस दिवसांत आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला द्यायची जबाबदारी बिल्डरवर आहेच. कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला सांगाड्याचा दोष त्याने फुकट दुरुस्त करायचा आहे. ‘आवश्यक कागदपत्रे’ म्हणजे काय, यात ‘जसे बांधले तसे’ सांगाड्याचे मॉडेल येते, एवढे नियमांत स्पष्ट लिहिले आणि ते जमा केल्याशिवाय ओसी नाही अशी अट घातली, तरी पुष्कळ काम होईल. ज्याला सांगाड्याचा दोष सिद्ध करायचा आहे त्याच्या हातात सांगाड्याचे ड्रॉइंग नसणे, ही आजची स्थिती त्या पाच वर्षांच्या हमीची थट्टा आहे.

आक्षेप येतील. मॉडेल ही आमची बौद्धिक संपत्ती, असे बिल्डर आणि कन्सल्टंट म्हणतील. असेल, पूर्ण मॉडेल नका देऊ. लॉबीतल्या दगडाचा पॅटर्न आणि एसीच्या डक्टचा हिशेब कोणी मागत नाही. खांब, बीम, स्लॅब, भार वाहणाऱ्या भिंती, पाया, सळईचा तपशील, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूब टेस्टचे निकाल आणि जबाबदारांची नावे, एवढेच द्या. फाइल एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकू नये म्हणून आयएफसीसारख्या खुल्या स्वरूपात, आणि सोबत साधी पीडीएफ, कारण तीस वर्षांनी कोणते सॉफ्टवेअर जिवंत असेल याची खात्री आज कोणीच देऊ शकत नाही. एक प्रत सोसायटीला, एक परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘जसे बांधले तसे’ म्हणून जे दिले जाईल ते प्रत्यक्षात ‘जसे काढले तसे’ असेल. आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा घातक, कारण पुढचा इंजिनिअर तिच्यावर विसंबून खांब कापेल. यावर पूर्ण इलाज माझ्याकडे नाही, पण निम्मा इलाज साइटवरच्या प्रत्येक सुपरवायझरच्या खिशात आहे: काँक्रीट ओतण्यापूर्वी बांधलेल्या सळईचे तारीख-वेळेसह फोटो, मजल्यागणिक, खांबागणिक, मॉडेलमधल्या त्या त्या खांबाला जोडलेले. फोटोही खोटे देता येतात, मात्र पस्तीस मजल्यांचे खोटे फोटो गोळा करण्यापेक्षा खऱ्या सळया बांधणे सोपे पडावे.

तिसरा आक्षेप तालुक्याच्या गावांचा. बार्शीतल्या किंवा सावंतवाडीतल्या दुमजली घराला हे कशाला? नकोच. तिथला इंजिनिअर अजून टू-डीमध्ये काम करतो आणि चांगले करतो. त्याच्यावर परदेशी सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी लादणे अन्याय होईल. त्याने खांबांचा लेआउट, सळईचा तक्ता आणि फोटो दिले तरी पुरे. सक्तीची सुरुवात सरकारी इमारतींपासून, शाळा-दवाखान्यांपासून आणि ठरावीक उंचीपुढच्या निवासी टॉवरांपासून व्हावी. सरकारने स्वतःच्या इस्पितळाचा सांगाडा नोंदवला नाही तर खासगी बिल्डरला सांगायला त्याला तोंड नाही.

तोवर एक गोष्ट कोणाचीही वाट न पाहता करता येईल. मुंबई-पुणे-ठाण्यात आज पुनर्विकासाची लाट आहे; पाडली जाणारी प्रत्येक इमारत आपल्याच नोंदीअभावी अंदाजाने तपासली गेली, आणि तिच्या जागी येणारा टॉवर बहुधा तिच्यापेक्षा कितीतरी उंच असतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सभा होतात, पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमला जातो, विकास करारनाम्यावर महिनोन्‌महिने खल चालतो. जादा कार्पेट किती, कॉर्पस म्हणून सोसायटीला एकरकमी पैसे किती, भाडे किती, शिफ्टिंगचे पैसे कधी, पार्किंग कोणाला. करारनाम्याच्या शंभर पानांत एक कलम आणखी मावेल: ओसीच्या वेळी सांगाड्याचे मॉडेल, सळईचे फोटो आणि कन्सल्टंटांच्या सह्या सोसायटीच्या ताब्यात, त्याशिवाय बँक गॅरंटीचा शेवटचा हप्ता सुटणार नाही. ज्या बिल्डरचे काम सामायिक मॉडेलवर चालते त्याला हे द्यायला फारसा खर्च नाही. जो ठाम नकार देईल, त्याला त्या सभेतच कारण विचारावे, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावे.